अण्णांच्या नावाचं मीटर

माणसाच्या इतिहासात स्वातंत्र्याचे दोनच मोठे दिवस झाले. एक, तो गुहेतून बाहेर पडला तो. आणि दुसरा, घरातला दिवा कोणाच्या विजेवर लावायचा हे त्याचं तो ठरवू लागला तो. हे मी सकाळी चहा पिताना जाहीर केलं.

"ते ठीक आहे," बायको म्हणाली, "पण कोणाच्या विजेवर लावायचा ते शनिवारच्या आत ठरवा. भट्टीला गिऱ्हाईक आलंय."

बायको मातीची भांडी करते. कप, वाडगे, झाकणाच्या बरण्या. मागच्या खोलीत तिची विजेची भट्टी आहे, कपाटाएवढी. एक भाजणी म्हणजे सलग अकरा तास वीज. पूर्वी आठवड्याला एक भाजणी व्हायची. दर वाढले तशी पंधरवड्याला एक झाली, मग महिन्याला. आता कच्चे कप जिन्यावर ओळीनं बसलेले असतात, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. शनिवारपर्यंत स्वस्त वीज मिळाली नाही तर ती भट्टी विकणार होती. पंचवीस वर्षांचा हात थांबणार होता.

माझी एकतीस वर्षं वीज कंपनीत गेली. काम मीटर वाचायचं. माझ्याइतकं वाचन या शहरात क्वचितच कुणाचं असेल, आणि इतकं एकसुरीही. मी निवृत्त झालो आणि सरकारनं वर्षभरात वीज मोकळ्या बाजारात सोडली. माझा नि त्याचा काही संबंध नसावा. आता अकरा कंपन्या वीज विकतात. वीज तीच, तार तीच, खांबावर चढणारा माणूसही तोच. बदलतो तो बिलाचा रंग. अकरा जणांनी एकाच नळाखाली घागरी लावाव्यात आणि आपापल्या पाण्याची गोडी सांगत फिरावं, तसला प्रकार.

खालच्या मजल्यावर एक शिंपी राहतो. तो दर सहा महिन्यांनी कंपनी बदलतो, म्हणून आम्ही त्याला बेडूक म्हणतो. तोंडावर बेडूकशेठ. त्याचं आणि माझं मीटर एकाच फळीवर, मध्ये वीतभर अंतर. सध्या तो हिंडून फिरून माझ्याच कंपनीत आला आहे, आणि त्याच्या दीडपट दर मला पडतो.

"काका, उडी मारा," तो म्हणाला. "एका जागी बसलेल्या माणसाचं माप घेणं सोपं असतं. मी शिंपी आहे, मला विचारा."

"मी त्या कंपनीचं मीठ खाल्लंय," मी म्हणालो.

"मग आता तिला तुमचं घर खाऊ द्यायचंय का?" हे वरून, जिन्यातून आलं. बायकोचे कान फार चांगले आहेत.

गुरुवारी मी कंपनीच्या कार्यालयात गेलो. माझ्या वेळी तिथे दोन लाकडी खिडक्या होत्या. आता काचेची टेबलं आहेत आणि भिंतीवर हसणारं कुटुंब आहे. त्या कुटुंबाला बिल येत नसावं. टेबलामागच्या मुलीनं माझा ग्राहक क्रमांक टाकला.

"काका, हा कमी दर नव्या ग्राहकांसाठी आहे. तुम्ही जुने."

"मग जुन्यांसाठी काय आहे?"

तिनं पडद्यावर शोधलं. अगदी मनापासून शोधलं. "आभार," ती म्हणाली.

"आणि मी कंपनी सोडून परत आलो तर?"

"चालेल ना! नव्वद दिवस दुसरीकडे राहून या. नव्याचा दर लगेच लागेल."

"म्हणजे माझ्या घरच्यांनी मला बरं जेवायला घालावं म्हणून मी तीन महिने शेजाऱ्याकडे मुक्काम करायचा?"

"बरेच जण करतात," ती म्हणाली. चेष्टेत नव्हे, माहिती म्हणून.

नव्वद दिवस माझ्याकडे नव्हते, दोन होते. मी म्हटलं, मग दुसऱ्या कंपनीत जाण्याचाच कागद द्या. तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि थबकली.

"पण ग्राहकांना स्वतः यावं लागेल. हे नाव कोणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

"मग त्यांना घेऊन या ना."

"ते येण्यासारखे नाहीत."

"आजारी आहेत का? फोनवर संमती चालेल."

"एकोणीस वर्षांपूर्वी वारले ते, बाई."

तिचे हात टेबलावर तसेच राहिले. मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. एकतीस वर्षं मी दारोदार सांगत हिंडलो, 'अहो, गेलेल्या माणसाच्या नावावर मीटर ठेवू नका, पुढे अडचण होते.' हजारो लोकांनी माझं ऐकलं. मी ऐकलं नाही. अण्णांनी हा वरचा मजला घेतला तेव्हा दारावर पाटी लावण्याइतके पैसे उरले नव्हते. त्यांचं छापील नाव या घरात पहिल्यांदा आलं ते वीजबिलावर. अण्णांनी ते बिल सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलं होतं, रक्कम अंगठ्याखाली झाकून. ते गेल्यावरही दर महिन्याला त्यांच्या नावाचं पाकीट येत राहिलं. जगात त्यांना नेमानं पत्र लिहिणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"मग तर सोपंच झालं, काका!" मुलीचा चेहरा उजळला. "त्यांचं खातं बंद करू, तुमच्या नावानं उघडू. तुम्ही नवे ग्राहक झालात! कंपनी बदलायलाच नको. उद्या दाखला घेऊन या, उद्यापासूनच कमी दर."

मी घरी आलो तो पाय आपटत. बायको चाकावर होती. मी तिला सगळं सांगितलं, कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या, काचेच्या टेबलांनाही सोडलं नाही. तिनं चाक थांबवलं.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "भट्टी देऊन टाकू. तसेही माझे गुडघे दुखतात."

तिचे गुडघे कधीही दुखलेले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलं आहे की खोटं बोलायचं झालं की ती गुडघ्यांवर येते. आणि हे बोलताना ती हातातल्या ओल्या वाडग्याची कड पुन्हा पुन्हा सारखी करत होती. कड केव्हाच सारखी झाली होती.

शुक्रवारी मी अण्णांचा मृत्यूचा दाखला घेऊन पुन्हा त्या टेबलासमोर बसलो. मुलीनं अर्ज पुढे केला. 'खाते बंद करण्याचे कारण' या रकान्यात तीन पर्याय होते: स्थलांतर, असमाधान, इतर. मी बराच वेळ पेन धरून होतो. अण्णांच्या बाबतीत पहिला खोटा म्हणता आला नसता, दुसरा तर मुळीच नाही. शेवटी 'इतर'वर खूण केली आणि सही केली. माझी सही त्यांच्यासारखीच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तिनं बटण दाबलं. माझ्या खिशातला फोन वाजला. त्यावर अण्णांच्या नावानं निरोप होता: 'आपण आम्हाला सोडून जात आहात याचे दुःख आहे. नव्वद दिवसांत परत आलात तर आपल्यासाठी खास सवलत!'

मग मात्र माझा तोल गेला.

"एकोणीस वर्षं!" मी उभा राहिलो. "एकोणीस वर्षं या गेलेल्या माणसाच्या नावानं पैसे घेतलेत, आणि बाजार उघडल्यापासून तर दीडपट! जिवंत असताना त्यानं एक बिल उशिरा भरलं नाही आणि मेल्यावरही उशीर केला नाही! तेव्हा त्याला काय दिलंत? आभार! आणि आज त्याचं नाव पुसलं तर सवलत? बेडकाला सवलत, माझ्या बापाला आभार? जो टिकून राहील त्याला लुटायचं आणि जो पळेल त्याच्यामागे ताट घेऊन धावायचं, याला तुम्ही बाजार म्हणता? आम्ही याला लाज सोडणं म्हणतो!"

रांगेतल्या एका म्हातारीनं टाळी वाजवली, एकटीनंच, पण दणदणीत. मुलीचे डोळे भरून आले होते.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमचं अक्षर न् अक्षर खरं आहे. आमच्या घरीही हेच चाललंय. इथे कुणी असं कधी बोललंच नव्हतं."

तिनं नव्या खात्याचा कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. वर माझं नाव होतं, आणि खाली नवा दर. उद्या भट्टी लागणार होती. मी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि छाती पुढे काढून दाराकडे निघालो.

"काका, एक विनंती होती," ती मागून म्हणाली.

मी वळलो. काहीही मागितलं असतं तरी दिलं असतं.

"जाताना दाराजवळचा तो पंखा तेवढा बंद कराल? बिल फार येतं म्हणून साहेब ओरडतात."