चौघांचा कोटा

लढाई संपून वर्ष उलटलं तरी नंदाखालला साखर रेशनवरच मिळत होती, आणि दुकानासमोरच्या रांगेत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता : कोटा. फेबियन मास्तरांना तो ऐकला की बरं वाटे. तरुणपणी ते पाद्री होण्यासाठी सेमिनरीत असताना लॅटिन शिकले होते. मुळात तो शब्द म्हणजे हिस्सा नव्हेच, तो एक प्रश्न आहे, 'कितवा?', असं ते रांगेतल्या कोणालाही हसतमुखाने समजावून सांगत.

त्या शनिवारी दुकानदार शत्रुघ्नने चौघांची साखर बांधून दिली.

"आम्ही तिघं," मास्तर म्हणाले. "मी, बेला आणि आमची मुलगी बेटी."

"बेलाबाई तर नेहमी चौघांचीच नेतात, मास्तर."

नसलेल्या माणसाच्या नावावर साखर उचलणं हा गुन्हा होता. मास्तरांची नोकरीच गेली असती. साखर तिथेच ठेवून ते तडक घरी आले. बेला चहा गाळत होती. तिने चार कप भरले, त्यांतला एक खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि नवऱ्याचं बोलणं ऐकून नवलाने वर पाहिलं.

"चौघांना चौघांचीच लागणार ना?"

"चौथं कोण?"

थट्टेला हसावं तशी ती हसली. बेटीही त्या खुर्चीकडे बघत खुदकन हसली. जरा वेळाने मास्तरांनी पाहिलं, तर त्या कपाच्या तळाशी नुसता गाळ उरला होता.

पण मास्तर डगमगणारे नव्हते. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपताच त्यांनी दोघींना दुकानासमोर उभं केलं आणि तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरला स्वतःच म्हणाले, "साहेब, आमची माणसं मोजा. कार्डावर एक जास्त लागलंय."

इन्स्पेक्टर परका आणि घाईतला माणूस. त्याने बोट उचललं. बेला, एक. बेटी, दोन. मग ते बोट बेटीशेजारच्या मोकळ्या जागेवर, लहान मुलाच्या उंचीला झुकलं आणि इन्स्पेक्टर किंचित हसला. तीन. मास्तर, चार.

"बरोबर आहे की," तो म्हणाला.

बेला साखर घेऊन पुढे निघाली, बेटी तिच्यामागे. मोकळ्या जागेतून सरळ गेलं की रस्ता समोरच होता. मास्तर क्षणभर थांबले, कडेने वळसा घालून निघाले, आणि चालता चालता त्यांनी आपला एक हात थोडा मागे सोडला, कुणी धरावा म्हणून ठेवतात तसा.