चौकटीबाहेरचा ठिपका

सुनेने पडद्यावरची भेग माऊसने धरून डावीकडे ओढली, तर भेगेबरोबर अख्खा डोंगरच सरकला.

"डोंगर हलवलास," मागे स्टुलावर बसलेले सासरे म्हणाले. "आपल्या घराण्यात हे आजवर कुणाला जमलं नव्हतं."

"बाबा, प्लीज."

बाबा गप्प बसले. खरं तर गप्प बसायलाच त्यांना बोलावलं होतं. सदतीस वर्षं कार्यालयाच्या याच खोलीत त्यांनी हाताने नकाशे काढले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बोगद्याचा अहवाल चार वाजता छापखान्यात जायचा होता, आणि डोंगराच्या पोटातली मोठी भेग आकृतीत दाखवली आहे त्यापेक्षा चाळीस मीटर अलीकडे आहे, हे कालच कळलं होतं. त्या आकृतीवर भरवसा ठेवून माणसं आत खोदत जाणार होती. भूगर्भाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करायचा तर सगळी गणितं पुन्हा चालवायला दोन दिवस. म्हणून सुनेने आकृती बाहेर काढून रेघ दुरुस्त करायची, आणि दुपारपर्यंत नाहीच जमलं तर सासऱ्यांनी हाताने काढायची, अशी साहेबांनी दुहेरी सोय केली होती.

बाबा पेनांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ती उघडायची वेळ येऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. शाई मात्र त्यांनी सकाळीच भरून ठेवली होती.

"कितीदा एक्सपोर्ट केलं, तरी सगळं एकच चित्र होऊन येतंय," सून म्हणाली. "फोटो काढल्यासारखं. मला रेघ न् रेघ सुटी हवीय."

तेवढ्यात साहेब डोकावले.

"काय काका, कुठवर आलं?"

"डोंगर हलला. भेग अजून विचार करतेय."

साहेब हसले आणि सवयीने भिंतीवरच्या जुन्या नकाशापाशी थांबले. नकाशा बाबांच्या हातचा. खाली तीन साहेबांची नावं होती. काढणाऱ्याचं नाव घालायची कार्यालयात पद्धत नव्हती. उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, एक काळा ठिपका होता. साहेबांनी काचेवर रुमाल फिरवला.

"ही माशीची घाण काही निघत नाही बुवा."

"काचेच्या आत असेल," बाबा म्हणाले. "चिवट असतात."

साहेब गेले. सुनेने पुन्हा एक्सपोर्ट केलं आणि पुन्हा डोंगर हलवून पाहिला. बाबा चष्मा कपाळावर सारून पुढे वाकले.

"सगळ्यावर हे राखाडी धुकं कसलं?"

"सावली. उठाव दिसावा म्हणून पारदर्शक थर टाकलाय. नुसता शोभेला."

"आम्ही सावली वेगळ्या कागदावर द्यायचो. मूळ कागदावर एकदा फासली की खालची रेघ उचलता येत नाही."

सून एकदम थांबली. मग तिने सावलीचा थर बंद केला, आकृती पुन्हा बाहेर काढली, उघडली, भेगेवर क्लिक करून ओढली.

भेग एकटीच आली. डोंगर जागच्या जागी. वाळूचा खडक दाखवणारे ठिपके, चुनखडी दाखवणाऱ्या विटा, अक्षरं, सगळं सुटं सुटं. सून चाळीस मीटर मोजून रेघ बसवत होती आणि बाबा श्वास रोखून बघत होते. रेघ बसली.

"बरी आहे," ते म्हणाले.

आपल्या सदतीस वर्षांच्या नोकरीत हे शब्द त्यांनी दोनदाच उच्चारले होते, दोन्ही वेळा स्वतःच्या रेघेबद्दल. त्यांनी पेटी मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवली.

साडेतीनला साहेब शेवटची नजर टाकायला आले. भेग पाहिली, आकडे पडताळले, मान डोलावली. मग त्यांचं बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात थांबलं.

"हा ठिपका चौकटीबाहेर पडलाय. एक्सपोर्टमध्ये कचरा आला वाटतं. उडव."

"कचरा नाही, सर. मी टाकलाय."

"कशाला?"

"आपले जुने एकसष्ट नकाशे मी गेल्या वर्षी स्कॅन केले. एकसष्टच्या एकसष्ट नकाशांवर माशी त्याच जागी बसलीय," सून पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "माशीला एवढी शिस्त नसते."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग बाबांकडे. रुमाल खिशातून अर्धा बाहेर आला होता, तो त्यांनी आत सारला.

बाबा वाकून पेटीची कडी लावत होते. ती आधीच लागलेली होती.

"अर्धा मिलिमीटर डावीकडे हवा," ते म्हणाले.

सुनेने खुर्ची बाजूला घेतली आणि माऊस त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो पेनासारखा तीन बोटांत धरला.

ठिपका तेवढाच सरकला.