डाव्या कोपऱ्यातला आवाज

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये शेजारपाजारची वीसेक माणसं श्वास रोखून टीव्ही ऐकत होती. निवेदिका पडद्याच्या मधोमध, आवाज मात्र डाव्या कोपऱ्यातून. त्या कोपऱ्यात माझ्या वडिलांची खुर्ची. ते जाऊन दोन महिने झाले होते.

"ऐकलंत? आवाज स्वतःकडे खेचून घेतायत!" आईनं बोलावलेले बुवा गरजले. "चला, आता माझ्यासमोर सतरंजीवर या."

सोफ्याभोवतीची मंडळी उठून मधोमध बसली. बुवा काहीतरी पुटपुटले. आवाज थेट पडद्यातून येऊ लागला. आई हुंदके देऊ लागली. कुणीतरी बुवांचे पाय धरले. मला शिसारी आली.

"मी आहे तोवर शांत राहतील," बुवा म्हणाले. "घरात परकं रक्त आलंय, ते त्यांना सोसत नाही."

परकं रक्त म्हणजे माझी वहिनी. बाबांच्या आजारपणात त्यांचं अंग पुसणारी, त्यांना भरवणारी. तिला माहेरी धाडायला आईनं तिची बॅगही भरून ठेवली होती. आणि माझा भाऊ, तिचा नवरा, नखं खात भिंतीला टेकून उभा! त्याची किळस मला बुवांपेक्षा जास्त आली.

वहिनी दवाखान्यात कानांची तपासणी करते. ती आता पुढे झाली आणि हॉलच्या उजव्या भिंतीजवळची रिकामी जागा दाखवत म्हणाली, "आई, जरा इथे बसा."

"तिकडे नको! ती जागा जड आहे!" बुवा ओरडले.

"म्हणूनच तिकडे कुणाला बसू देत नाही का?"

आई बिचकत जाऊन बसली. तिचा चेहरा बदलला. "अगं, आता उजवीकडून येतोय!"

वहिनीनं टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरला कान लावला. "हा मुकाच आहे." रिमोट घेऊन तिनं सेटिंग उघडलं. मधला स्पीकर: नाही. "तुम्ही खुडबुड केली होतीत ना?" माझ्या भावानं मान खाली घातली.

"यांनी तो बंद केल्यावर बोलण्याचा आवाज दोन्ही बाजूच्या स्पीकरमधून येतो," ती म्हणाली. "जो जवळ, त्याचा आवाज आधी पोचतो, म्हणून तिकडूनच आल्यासारखा वाटतो. मधोमध बसलं की मधून. बाबांना भेटायला येणाऱ्यांसाठी आपण सोफा डावीकडे सरकवला, तो तिथेच राहिला. एवढंच."

तिनं 'आहे' केलं. सोफ्यावर, सतरंजीवर, कुठेही बसा, आवाज पडद्यातूनच.

"माझ्या साधनेचा प्रभाव!" बुवा म्हणाले.

वहिनीनं पुन्हा 'नाही' केलं. मग 'आहे'. मग 'नाही'. "माझे सासरे काय रिमोटवर चालतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. बुवा झोळी उचलून जिना उतरले. मघाशी पाय धरणारेच आता "मला आधीच संशय होता" म्हणत होते. त्यांचीही शिसारीच आली.

आई वहिनीसमोर हात जोडू लागली. वहिनीनं ते हात खाली केले. "आई, मला वाईट याचं वाटतं, की तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

आईनं भरलेली बॅग उघडली आणि वहिनीचे कपडे पुन्हा कपाटात लावायला घेतले.

वाचकहो, बिघडलेल्या वस्तूचा दोष कुणी तुमच्या घरातल्या माणसावर टाकला, तर आधी वस्तू तपासा. जागा बदलून पाहा, बटण दाबून पाहा, प्रश्न विचारा. आणि प्रश्न विचारायला मनाई करणाऱ्याला दार दाखवा, मग तो कोणत्याही वेशात येवो.