शोधणाऱ्याचे शब्द

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता भार्गवीच्या लक्षात आलं, की आपण सगळं चुकीचं केलं. तिने टाकलेला व्हिडिओ सोळा हजार लोकांनी बघितला होता आणि त्या सोळा हजारांतला एकही माणूस उपयोगाचा नव्हता.

'गंगाधर बिराजदार, वय चौऱ्याहत्तर, रंग सावळा, अंगात निळा शर्ट, सोलापुरातून बेपत्ता,' असं व्हिडिओचं शीर्षक होतं. हे तिचे अप्पा. त्यांना विसर पडायला लागून तीन वर्षं झाली होती. शनिवारी सकाळी आई अंघोळीला गेली, भार्गवी कानाला हेडफोन लावून कामात गुंतली होती आणि अप्पा दार उघडून जे गेले ते गेलेच. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले, नातेवाईक मोटारसायकली घेऊन अक्कलकोटपर्यंत जाऊन आले. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, अप्पांच्या मधुमेहाच्या गोळ्या घरात कपाटात. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस निघतील, पुढचं मला विचारू नका. आज तिसरा दिवस होता.

आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की लोकांना हवं ते सापडेल असं करणं हाच भार्गवीचा धंदा. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत बसून ती दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट आणि व्हिडिओ गुगलवर वर आणून द्यायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचं एकच सांगणं असे. तुम्ही काय विकता ते लिहू नका, समोरचा काय शोधतो ते लिहा. ज्याचा गुडघा दुखतो तो 'अस्थिरोगतज्ज्ञ' असं लिहीत नाही हो, 'जिना चढताना गुडघा दुखतो' असं लिहितो. दहा वर्षं लोकांना हे शिकवलं आणि स्वतःच्या बापावर वेळ आली तेव्हा बाईसाहेबांनी नाव आणि शर्टाचा रंग टाकला.

कोणते शब्द शोधून लोक व्हिडिओपर्यंत आले, त्याची यादी तिच्यासमोर होती. गंगाधर बिराजदार. बिराजदार कंट्रोलर. बिराजदार साहेब एस. टी. सगळे ओळखीचे. ज्याच्यासमोर अप्पा आत्ता बसले असतील त्याला त्यांचं नाव कुठून ठाऊक असणार? दिवाळीपासून अप्पांनी स्वतःचं नाव सांगितलेलं नव्हतं. शर्टही एव्हाना मळून निळा राहिला नसेल. त्या माणसाला एकच गोष्ट कळत असणार, अप्पा काय बोलतात ती. आणि अप्पा बाहेर काय बोलतात हे भार्गवीला माहीत नव्हतं, कारण रोज संध्याकाळी त्यांना फिरायला आई न्यायची.

ती स्वयंपाकघरात गेली. आई, प्रेमलाबाई, गॅससमोर नुसत्याच उभ्या होत्या. गॅस बंद होता.

"आई, अप्पा रस्त्यात अनोळखी माणसांशी काय बोलतात?"

"काय बोलतात? जेवलास का म्हणतात."

एवढंच? एवढंच. भार्गवीने पुन्हा विचारलं, प्रेमलाबाईंनी पुन्हा तेच सांगितलं आणि ओट्यावरून फडकं फिरवायला लागल्या. ओटा स्वच्छ होता. आई काहीतरी लपवते आहे हे भार्गवीला कळलं. तिने आईच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"आई, आपल्याकडं वेळ नाही. जो कुणी त्यांना बघतोय, त्याला फक्त त्यांचे शब्द ऐकू येतात. ते मला दे."

प्रेमलाबाईंनी तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "थांब्यावर विजापूरची गाडी आली की हात सोडवून घेतात माझा. खिडकीखाली जाऊन उभे राहतात. आत कुणी बाई दिसली की म्हणतात, रेश्मा, खाली उतर. मी रागावणार नाही."

एकोणीस वर्षांत ते नाव घरात उच्चारलं गेलं नव्हतं. रेश्मा ही भार्गवीची थोरली बहीण. दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर ती विजापूरच्या गाडीत बसली, तेव्हा अप्पा स्टँडवर कंट्रोलर होते, ड्यूटीवर होते आणि काचेआडून त्यांना ती दिसली होती. त्यांनी माइक हातात घेतला, गाडीचा नंबर सांगितला, फलाट सांगितला आणि जराही आवाज न हलवता तिची गाडी सोडली. स्टँडवरच्या लोकांनी वाहवा केली होती. काय करारी माणूस. घरी येऊन त्यांनी रेशनकार्डावरचं नाव खोडलं आणि हिचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. आईने तोंडाला कुलूप लावलं ते आजपर्यंत.

"हे लिहावं लागेल," भार्गवी म्हणाली.

"लोक वाचतील गं."

"वाचावं म्हणूनच टाकते."

"ह्यांना चाललं नसतं."

"कुठल्या ह्यांना? तेव्हाच्या, का आत्ताच्या?"

आई ओट्याकडे वळली. भार्गवीला बोलल्याचं वाईट वाटलं, पण माफी मागायलाही सवड नव्हती. नवा व्हिडिओ नव्या जागी टाकला तर सापडायला दिवस जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला जुनी, रुळलेली जागा हवी होती. अमरेश म्हणून तिचं एक ट्रॅव्हल्सवालं गिऱ्हाईक होतं. विजापूरच्या गाड्यांच्या वेळा कुणीही शोधल्या की त्याचंच पान आणि त्याचाच चॅनेल पहिला यायचा. तिने चाचरत फोन लावला. तो म्हणाला, विचारताय काय मॅडम, टाका की.

ती नव्या व्हिडिओचं शीर्षक लिहायला बसली. 'एक आजोबा विजापूर गाडीच्या खिडकीखाली उभे राहून म्हणतात, रेश्मा, खाली उतर.' प्रेमलाबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही.

"मी रागावणार नाही, ते पण लिही," त्या म्हणाल्या. "ते तसंच म्हणतात."

दोन वाजले, तीन वाजले. एक फोन आला तो मामेबहिणीचा, असं कशाला लिहिलंस म्हणून विचारायला. भार्गवीने तो कापला. प्रेमलाबाईंनी सकाळपासून घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. पावणेचारला अनोळखी नंबर वाजला तेव्हा फोन आईनेच उचलून स्पीकरवर टाकला.

"अक्का, मी सोमशेखर बोलतोय. झळकीला स्टँडपाशी माझं चहाचं हॉटेल हाय. हितं एक म्हातारे अज्जा हायत दोन दिस झालं. नाव विचारलं तर सांगत न्हाईत. गाडी आली की बायकांना रेश्मा उतर म्हणत्यात, काल तर मार खाल्ला असता की. शेवटी मी मोबाईलला बोलून विचारलं, रेश्मा उतर म्हणणारा अज्जा कुणाचा म्हणून. तुमचा व्हिडिओ आला."

प्रेमलाबाई चपला शोधायला लागल्या.

विजापूरच्या रस्त्यावरच्या झळकीला दोघी पोचल्या तेव्हा अप्पा बाकावर होते. ओठ फुटलेले, पायात एकच चप्पल. सोमशेखरने त्यांच्या डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला होता. अप्पांनी दोघींकडे बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही. "सव्वातीनची गेली," ते आईला म्हणाले, "पुढची पाचला आहे." आईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, चला, आपण घरी वाट बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात अप्पांना सलाइन लावलेलं असताना, भार्गवीने मोबाईल काढला. सापडले, आभारी आहोत, एवढं लिहून व्हिडिओ काढून टाकायचा होता. नातेवाइकांचे नऊ निरोप येऊन पडले होते आणि सगळ्यांचा सूर एकच होता, आता ते नाव काढून टाका.

"काढू नको," प्रेमलाबाई म्हणाल्या.

भार्गवीने वर बघितलं. आई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. अप्पा झोपले होते, तरी तिने आवाज खाली आणला.

"मला एक सांग. समजा रेश्मानं आपल्याला शोधायचं ठरवलं, तर ती काय लिहील?"

गुडघा दुखणारा काय लिहितो, पैठणी घेणारी काय लिहिते, रात्री लेकराला ताप आला की आई काय लिहिते, हे भार्गवीला झोपेतही सांगता आलं असतं. तिने मोबाईल मांडीवर ठेवला आणि आपली बहीण काय लिहील याचा विचार करायला लागली. एकोणीस वर्षांत बहिणीचा एक शब्दही तिच्या कानावर पडला नव्हता. प्रेमलाबाई तिच्या तोंडाकडे बघत थांबून राहिल्या.