सौनातली बैठक

टाम्परेच्या आमच्या कचेरीत एआय सहायकाला खोल्यांच्या बुकिंगशी मीच जोडून दिलं. कचेरीतला सौना, म्हणजे वाफेची खोली, आम्ही इतर खोल्यांसारखाच बुक करतो. त्यात काही वेगळं आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. सहायकाला तेवढी एकच खोली मोकळी दिसली आणि हॅम्बुर्गच्या ग्राहक ब्रोकमानबाईंना त्याने सौनात बैठकीला बोलावलं.

"इर्या, अगं करार गेला की!" आमचा साहेब राइमो कपाळाला हात लावून म्हणाला. "आधी ती जोडणी तोड."

तेवढ्यात ब्रोकमानबाई काखेत टॉवेल घेऊन दारात हजर. "तुमच्याकडे असंच असतं ना?"

"असंच," मी म्हटलं. राइमोही उठला.

"तू कुठे निघालास? आधी बायका!" मी त्याला अडवलं; सौनात बायका आणि पुरुष वेगवेगळे जातात.

महिनाभर ईमेलवर अडलेली माल पोचवण्याची तारीख आम्ही दोघींनी तापल्या दगडांवर पाणी मारता मारता ठरवून टाकली. लालबुंद होऊन बाहेर आलो, तर राइमो कॉफी घेऊन ताटकळत उभा.

"झाला करार," मी म्हटलं. "आता तोडू का जोडणी?"

"राहू दे गं. फक्त पुढचा ग्राहक पुरुष बघ, म्हणजे मलाही आत जाता येईल."