चढावर रेडिओ बंद

माझी भाची जोडियन हिला क्रिश्चियाना गावच्या शाळेत नोकरी लागल्याचं पत्र आलं, तेव्हा माझ्या बहिणीनं, व्हेरोनानं, आधी गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. मग उठून, फ्रॉकची धूळ झटकत विचारलं, "आणि पोरगी तिथं जाणार कशानं?"

प्रश्न रास्त होता. आम्ही राहतो स्पर ट्रीच्या डोंगराच्या पायथ्याशी. शाळा डोंगरावर, मँडेव्हिलच्याही पुढं. घंटा सव्वासातला. जायला दोन टॅक्स्या बदलाव्या लागतात, आणि त्यातली पहिली मागच्या सीटवर चौथं माणूस कोंबल्याशिवाय जागची हलत नाही. एकतीस वर्षं ती टॅक्सी मीच चालवत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो, हलत नाही.

तेव्हा गाडी घेणं आलं. ऑगस्टमध्ये जोडियनला भिशी लागली होती. सोळा महिने तिनं दुकानात कापड मापून हप्ते भरले होते. एवढीच तिची पुंजी. त्यात गाडी चांगली निघाली तर नोकरी टिकली, आणि दगड निघाली तर पुन्हा दुकान, पुन्हा कापड. दुसऱ्यांदा चुकायची सोय नव्हती.

"मामा, तू बरोबर चल," ती म्हणाली. "मला चालवता येते, पण गाडीतला फक्त हॉर्न कळतो."

मला कोणी गाडीविषयी विचारलं की मला राहवत नाही. ओसरीवर बसून मी तिला तासभर शिकवलं. गाडी बघायला सकाळी जायचं, तेही न कळवता. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड असताना ती काहीतरी कुरकुर करते. मीटर किती किलोमीटर दाखवतो त्याकडं बघूच नये, ब्रेकच्या पॅडलवरचं रबर बघावं. मीटर मागं फिरवता येतो, झिजलेलं रबर बदलायचं कोणाला सुचत नाही. पायाखालचं मॅट उचलून वास घ्यावा. ओलसर आला तर गाडी पुरात बसलेली असते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मी बोट वर केलं, "गाडी चालवून बघताना रेडिओ बंद. आपल्याकडची पोरं काय करतात? आत बसली की आधी स्पीकर वाजवून बघतात. स्पीकर धडधडला की गाडी पसंत! अगं, विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. इंजिन बिचारं ओरडून सांगत असतं, पण ऐकतं कोण?"

तिनं वहीत लिहून घेतलं. "रेडिओ बंद" याच्याखाली तिनं दोन रेघा मारल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गाडी शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतला बंधू लिनव्हल आपली पांढरी गाडी विकायला काढणार होता. जपानहून जुन्या म्हणून येतात आणि ज्यांना आम्ही सगळे हद्दपार म्हणतो, त्यांतली ती एक. ऑटोमॅटिक गिअर, मागं सामानाला जागा. लिनव्हल मंडळीचा आवाजवाला. माइक लावणं, पेट्या मांडणं आणि दर रविवारी पाळकांचा उपदेश रेकॉर्ड करून ज्याला हवा त्याला देणं हे त्याचं काम. पै घेत नाही. खोटं बोलला तर त्याच्याच कानाला त्रास होईल, असा माणूस.

मला इतका आनंद झाला की रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी, मी उभा राहिलो. म्हटलं, प्रभूनं भगिनी जोडियनसाठी गाडी तयार ठेवली आहे आणि तीसुद्धा आपल्याच अंगणात. मग काय विचारता! उपासना सुटल्यावर पन्नास माणसं लिनव्हलच्या गाडीभोवती जमली. हात टेकवायला जागा मिळेना, तेव्हा मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावर हात ठेवले. पाळक डॅक्रेस यांनी प्रार्थना केली. सगळे "आमेन" म्हणाले. भगिनी मर्लीननं गाडीच्या चाकांनाही आशीर्वाद दिला, चारही, एकेक करून.

घरी येताना व्हेरोना म्हणाली, "एग्बर्ट, पोरीनं अजून गाडी चालवून बघितलेली नाही."

"शनिवारी बघू की."

"आधी आमेन, मग बघणं? लग्नसुद्धा असं करत नाहीत."

मी हसून सोडून दिलं.

शनिवारी सकाळी सातला आम्ही न कळवता लिनव्हलच्या दारात. तो दात घासत बाहेर आला. जोडियननं बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. रबर जाड. मॅट कोरडं, खाली फक्त दोन बिस्किटांचा चुरा आणि एक भजनाचं पान. इंजिनाचं तेल मी स्वतः काढून बघितलं, मधासारखं स्वच्छ. जोडियन वहीत एकेक खूण करत होती आणि माझी छाती फुगत होती.

"आता गिअरचं तेल तपासायची काडी बघू," मी म्हटलं आणि वाकलो.

तेवढ्यात लिनव्हलनं किल्ली फिरवली. किल्लीबरोबर स्पीकर जागे झाले आणि आतून पाळक डॅक्रेस यांचा आवाज आला. आमचे पाळक बोलता बोलता गातात की गाता गाता बोलतात, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. आधी साध्या बोलण्यात सुरू होतात, शेजारी कुंपणावरून बोलतो तसं. मग एखादं वाक्य लांबतं, त्याला सूर चिकटतो, दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास पडतो, "हं!", आणि मग माणूस खुर्चीत बसून राहूच शकत नाही.

"ब्रदर एग्बर्ट, हा ओळखा बरं कुठला?" लिनव्हल म्हणाला.

"ईस्टरनंतरचा! डोंगर चढण्यावरचा!"

"तोच. पूर्ण आहे, पहिल्या शब्दापासून."

काडी राहिली. मी स्टिअरिंगवर बसलो, लिनव्हल शेजारी, जोडियन मागं मधोमध. सपाटीवर गाडी लोण्यासारखी गेली. ब्रेक लागला, वळण घेतलं, मागं घेतली. उपदेशही अजून सपाटीवरच होता. मग स्पर ट्रीचा चढ लागला, आणि पाळकांनीही चढ धरला.

"डोंगर उंच आहे… हं! पाय दुखतात… हं! पण मी काय करणार?"

"चढ!" स्पीकरमधून मंडळी ओरडली.

"चढ!" मी आणि लिनव्हल ओरडलो. मी स्टिअरिंगवर थाप मारली आणि पाय आणखी दाबला. सगळीकडं आवाजच आवाज. पाळक वर, मंडळी वर, इंजिन वर. अंगावर काटा आला. मी डोळे मिटले नाहीत एवढंच, तेही मध्ये वळण होतं म्हणून.

"काय गाडी आहे, लिनव्हल!" मी म्हटलं. "जोडियन, घे. डोळे झाकून घे."

यामाच्या, म्हणजे सुरणासारख्या कंदांनी खच्चून भरलेला एक ट्रक धूर सोडत आम्हाला मागं टाकून गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. घाईत असेल.

"मामा," जोडियन म्हणाली, "रस्त्याकडेची ती चिकूवाली बाई."

"काय झालं तिचं?"

"ती अजून खिडकीतच आहे. टोपलीतले चिकू मोजून झाले माझे. अठरा."

"चढ!" मंडळी ओरडली.

मग दोन सीटांच्या मधून एक हात आला आणि त्यानं रेडिओचं बटण दाबलं.

शांतता पडली असं मी म्हणणार होतो, पण पडली नाही. पाळक थांबले, मंडळी थांबली, आणि त्यांच्या मागं लपलेला एक तिसराच आवाज उघडा पडला. हूंऽऽऽ. इंजिन जीव तोडून फिरत होतं आणि गाडी बैलासारखी जागच्या जागी पाय रोवून उभी राहायच्या बेतात होती. गिअर पकडतच नव्हता. आवाज नुसता चढत होता, कथा पुढं सरकत नव्हती. असे उपदेशक मी पाहिले आहेत, आणि त्यांना दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

"हे काय वाजतंय?" लिनव्हलनं विचारलं. तो खरोखर इकडंतिकडं बघत होता.

"तुमची गाडी वाजतेय, काका," जोडियन म्हणाली.

"माझी? छे! दीड वर्ष चालवतोय, मी असलं कधी ऐकलं नाही."

"रेडिओ कधी बंद करता?"

लिनव्हल विचारात पडला. "गाडी बंद केल्यावर," तो म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं आणि सकाळी राहिलेली काडी ओढली. तेल काळं, आणि वास असा की कोणी तव्यावर भाकरी विसरलंय. चिकूवाली बाई रस्ता ओलांडून बघायला आली, नाकाला पदर लावावा तसा तिनं ॲप्रन लावला आणि परत गेली.

"या चढावर शेवटचे कधी आला होतात?" मी विचारलं.

"मागच्या नाताळात. सामान आणायला." लिनव्हलचा चेहरा उतरला होता. "तेव्हाही हाच उपदेश लावला होता, ब्रदर. म्हटलं, चढ आहे तर चढाचाच लावू."

मला हसू आलं, आणि लगेच गेलं, कारण जोडियन हसत नव्हती. ती दगडावर बसली होती, मांडीवर वही, आणि वहीतल्या त्या दोन रेघांकडं बघत होती.

"मामा, आता नाही कसं म्हणायचं? पन्नास माणसांनी आमेन म्हटलंय. भगिनी मर्लीननं चाकांना हात लावलाय."

हे माझ्या जिव्हारी लागलं. तिची भिशी, तिची नोकरी, आणि साक्ष द्यायला उठलो होतो मी. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"आमेन आम्ही तुझ्यासाठी म्हटलं होतं, पोरी," मी म्हणालो. "गिअरबॉक्ससाठी नाही. आणि तुला शिकवणारा मी, वर बोट करून सांगणारा मी, आणि बटण दाबलंस तू. माझं चुकलं. रविवारी उभा राहून सांगेन तसं. तुला नको असेल तर नको."

ती उठली, लिनव्हलसमोर जाऊन उभी राहिली. कापडाच्या दुकानात हट्टी गिऱ्हाईक आलं की ती अशी उभी राहत असणार.

"काका, बाकी गाडी मला आवडली. तुम्ही ती जपली आहे, ते दिसतं. गिअरबॉक्स बदला, तुमच्या खर्चानं. पुढच्या शनिवारी सातला मी परत येते. हाच चढ, हीच जागा, रेडिओ बंद. चढली तर ठरल्या किमतीला घेते. नाही चढली तर माझी भिशी माझ्याकडं."

"त्याच्या पुढच्या सोमवारी शाळा सुरू होते ना तुझी?"

"हो. म्हणून तर शनिवार म्हटलं, रविवार नाही. नाही चढली तर दुसरी सोय बघायला एक दिवस हातात हवा."

लिनव्हलनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही तुमची भाची आहे?"

"भाची माझी, हिशेब तिच्या आईचा," मी म्हटलं.

तो आठवडा लिनव्हलनं कसा काढला ते त्याची बायको सांगते. जुने सुटे भाग विकणाऱ्याच्या अंगणात दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी मोडक्या गाडीतला एक चांगला गिअरबॉक्स सापडला, चौथ्या दिवशी मिस्त्री आला नाही, पाचव्या दिवशी दोघांनी मिळून तो बसवला. आणि काम चालू असताना लिनव्हलनं काहीही लावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणे, तो नट आवळताना नटाचा आवाज ऐकत होता.

शनिवारी सातला आम्ही दारात. बॉनेट थंड. या वेळी आधी गिअरची काडी, तेल लालबुंद, स्वच्छ. जोडियन स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी, लिनव्हल मागं. स्पर ट्रीचा चढ सुरू झाला आणि कोणी एक शब्द बोललं नाही. माझ्या ओठांवर सवयीनं एक भजन आलं होतं, ते मी दातांनी धरून ठेवलं. मागं लिनव्हल श्वासही मोजून घेत असावा.

मी ऐकलं. इंजिनानं श्वास घेतला, गिअर बदलला, टप्पकन, जसा पाळकांचा "हं!" पडतो, आणि वर सरकलं. पुन्हा श्वास, पुन्हा वर. चिकूवाली बाई आली आणि गेली. हात हलवायलाही वेळ मिळाला नाही. यामाचा ट्रक पुढं दिसला. जोडियननं आरशात बघितलं, हॉर्न वाजवला, कारण तो तिला आधीपासून कळत होता, आणि त्याला मागं टाकलं.

माथ्यावर तिनं गाडी कडेला उभी केली. खाली सगळं मैदान, तांबडी माती, आणि टोकाला समुद्राची रेघ. तिनं किल्ली काढली, मुठीत घट्ट धरली आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. ती प्रार्थना करत होती की रडत होती, हे मी विचारलं नाही. मागून लिनव्हल नाक शिंकरत होता, त्यालाही विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं मी हळूच म्हटलं, "आता लावू का गं? ईस्टरनंतरचा?"

तिनं डोळे पुसले आणि किल्ली परत घातली.

"उतार लागू दे, मामा," ती म्हणाली. "उतारावर लाव."