सरळ दिसणारी साखळी

रसायनशास्त्राच्या बुरुलसून असानोव्हनांनी खडू इतका दाबला की त्याचा तुकडा उडून डीनच्या चहाच्या पियाल्यात पडला. फळ्यावर पाच कार्बनची आडवी साखळी उमटली आणि मधल्या कार्बनाखाली तीन कार्बनची शेपटी लोंबू लागली.

“नाव सांग.”

मीरिमची ही परीक्षेची तिसरी, शेवटची खेप. समितीपुढे नापास झाली की ओशच्या विद्यापीठातून नाव कमी. बुरुलसूनना तेच हवं होतं. या पोरीनं मागच्या वर्षी भरवर्गात त्यांची चूक काढली होती आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला होता.

“आडवी रेघ फसवी आहे, बाई,” मीरिम म्हणाली. “शेपटीकडे वळलं की सहा कार्बन होतात. मुख्य साखळी तीच. तिच्या तिसऱ्या कार्बनवर दोन कार्बनचा गट. तीन-इथाइल हेक्झेन.”

उत्तर अचूक होतं. बुरुलसूनच्या अंगाचा तिळपापड झाला.

“चूक. चुरुचुरु बोललं म्हणजे रसायनशास्त्र येत नाही. नीघ!”

“बरोबर आहे ते. तुम्हालाही माहीत आहे.”

“नीघ म्हटलं ना!”

डीन भूगोलाचे, तिसरे परीक्षक गणिताचे म्हातारे. दोघांनी मुकाट सह्या ठोकल्या.

पुढचा तिलेक, बुरुलसूनच्या बहिणीचा मुलगा. डोक्यानं यथातथाच, पण मावशीचा जीव की प्राण. त्याच्याकडून त्यांनी घरी डझनभर आकृत्या घोटून घेतल्या होत्या. त्यातली एखादी सोपी काढावी म्हणून त्या फळा पुसायला वळल्या.

“राहू द्या हो,” डीन म्हणाले. “हीच विचारा. तिकडे जेवणाचं लगमान गार होतंय.”

तिलेकचा चेहरा उजळला. “तीन-इथाइल हेक्झेन!”

गणिताच्या म्हाताऱ्यांनी चष्मा वर सरकवला. “ती मुलगी हेच म्हणाली ना?”

बरोबर म्हणावं तर आपण खोट्या ठरतो, चूक म्हणावं तर पोरगा जातो. पण मीरिमची ती ताठ मान डोळ्यांपुढे आली आणि बुरुलसूनचा संताप पुन्हा उसळला.

“चूक,” त्या म्हणाल्या.

“असं काय करतेस, मावशी?” तिलेक रडकुंडीला आला. “तूच तर शिकवलंस! सरळ रेघेला भुलू नकोस म्हणालीस!”

डीननी पियाल्यातला खडू बोटानं बाहेर काढला, रुमालाला हात पुसले आणि उठून दार उघडलं. बाहेर मीरिम कोटाची बटणं लावत होती.

“आत ये, मुली,” ते म्हणाले. “बुरुलसून असानोव्हना, तुम्ही जरा बाहेर थांबा.”